दहा हजार लिटरच्या टाकीतला प्राणवायू

बायोटेक कंपनीत नवा जिवाणू घडवणं हे जीवशास्त्रज्ञाचं काम. दहा लिटरच्या फर्मेंटरमध्ये छान वाढलेला तो जिवाणू दहा हजार लिटरच्या टाकीतही तसाच वाढवून दाखवणं, ही केमिकल इंजिनिअरची नोकरी. पेनिसिलिनपासून हे असंच चालत आलंय. एमआयटीमधून १९३७ साली केमिकल इंजिनिअरिंगची डॉक्टरेट घेतलेल्या मार्गारेट हचिन्सन रूसो यांनी पेनिसिलिनच्या व्यावसायिक उत्पादनाचा कारखाना आखला. आपल्याकडे १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली.

पहिली अडचण हवेची. ३० अंश तापमानाला लिटरभर पाण्यात हवेतला जेमतेम साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो. दाट वाढलेलं ई. कोलाय (बायोटेकमध्ये नेहमी वापरला जाणारा जिवाणू) लिटरमागे ताशी पाच ग्रॅम फस्त करतं. म्हणजे हवा बंद पडली की साठा पाच-सहा सेकंदांत खलास! म्हणून तळाच्या स्पार्जरमधून, म्हणजे छिद्रं असलेल्या नळीतून, निर्जंतुक हवा सतत सोडायची आणि इंपेलरने, म्हणजे ढवळणाऱ्या फिरत्या पात्यांनी, तिचे बुडबुडे बारीक करायचे. भिंतीलगत बॅफलच्या उभ्या पट्ट्या हव्यातच, नाहीतर द्रव नुसता गरगर फिरतो, मिसळत नाही. प्राणवायू कमी पडला की ई. कोलाय ॲसिटेट हा टाकाऊ पदार्थ सोडतं आणि वाढ खुंटते. ग्लुकोज भराभर दिलं तरी तेच होतं, म्हणून ते हळूहळू सोडतात.

इंपेलर जोरात फिरवावा, तर वेग दुप्पट केल्यावर वीज जवळपास आठपट लागते, आणि तिचीही शेवटी उष्णताच होते. मुळात वर सांगितलेल्या दराने श्वास घेणारं कल्चर (टाकीतले वाढते जिवाणू) दहा हजार लिटरमागे सुमारे २०० किलोवॅट उष्णता सोडतं. टाकी हजारपट मोठी झाली तरी तिची भिंत शंभरपटच वाढते. भिंतीबाहेरचं थंड पाण्याचं जॅकेट अपुरं पडतं आणि आत कूलिंग कॉइल, म्हणजे थंड पाण्याची वेटोळी नळी, घालावी लागते. त्या कॉइलला सुईएवढं छिद्र पडलं, तरी थंड पाण्यातले जंतू आत शिरून अख्खी बॅच जाते. कॉइलची प्रेशर टेस्ट कंटाळवाणी असते, पण ती टाळू नये.

फेस आला की अँटिफोम, म्हणजे फेस मोडणारं द्रव्य, घालतात, तेही बेतानंच. जास्त झालं तर बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि प्राणवायू पुन्हा घसरतो. फेस वर चढून एक्झॉस्ट फिल्टर (बाहेर जाणाऱ्या हवेचा) भिजला, तर टाकीतला दाब वाढू लागतो.

निर्जंतुकीकरणात १२१ अंशांवर अर्धा तास वाफ दिली जाते. पण टाकीच्या मध्यावरचं तापमान पाहून भागत नाही. हवा अडकलेला कोपरा, पाणी साचणारा पाइपचा बंद तुकडा, तळाचा ड्रेन व्हॉल्व्ह अशा ठिकाणी वाफ नीट पोचत नाही. सेन्सर तिथे लावावा.

नव्या माणसाला बहुधा शिफ्टमध्ये प्रॉडक्शन आणि बॅच रेकॉर्ड मिळतं, पुढे प्रोसेस डेव्हलपमेंट (उत्पादनाची पद्धत बसवणं) किंवा टेक ट्रान्सफर (ती पद्धत कारखान्यात नेणं). शुद्धीकरण विभाग मात्र कमी लेखू नका. तिथल्या पाच टप्प्यांत प्रत्येकी ९० टक्के माल हाती आला, तरी अखेर ५९ टक्केच उरतो.