टर्बोला मॅन्युअल गिअर चालत नाही?

‘टर्बो इंजिनाला मॅन्युअल गिअरबॉक्स लावला, तर गिअर बदलताना टर्बो फुटतो’ असं जुन्या गाड्यांच्या शौकिनांत बरीच वर्षं फिरतंय. (टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या वायूंवर फिरून इंजिनात जास्त हवा दाबणारा पंखा; हवा दाबणारा त्याचा भाग म्हणजे कॉम्प्रेसर.) समज अगदीच हवेतला नाही. १९८६-८७ची ब्युक ग्रँड नॅशनल, ३.८ लिटर व्ही-६ टर्बो, फक्त ऑटोमॅटिकमध्येच मिळायची. पण १९७३ची बीएमडब्ल्यू २००२ टर्बो आणि १९७५ची पोर्शे ९११ टर्बो कारखान्यातूनच मॅन्युअल यायच्या.

गिअर बदलताना ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की थ्रॉटल (इंजिनात जाणाऱ्या हवेची झडप) बंद होतो आणि दाबलेली हवा कॉम्प्रेसरकडे उलटते. तिला वाट द्यायला बायपास व्हॉल्व्ह असतो. ऑटोमॅटिकमध्ये पाय उचलावाच लागत नाही, म्हणून दाब टिकतो. फायदा खरा, पण तो वेगाचा, टर्बो वाचवण्याचा नाही.

खरी गोम टॉर्कची, म्हणजे इंजिनाच्या फिरवण्याच्या जोराची. गिअरबॉक्स किती टॉर्क झेलतो, ते त्याच्या माहितीपत्रकात पाहा. ऑटोमॅटिक काढून मॅन्युअल बसवत असाल, तर क्रँकशाफ्टच्या (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) टोकाला पायलट बेअरिंगची, म्हणजे गिअरबॉक्सच्या शाफ्टचं टोक पेलणाऱ्या छोट्या बेअरिंगची जागा आहे का, हे आधी मोजा; बरेच जण इथेच अडकतात. बसवल्यावर मोकळ्या रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये जोरात ॲक्सिलरेटर दाबा. आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे) चढले पण वेग वाढला नाही, तर क्लच घसरतोय. टर्बोचा त्यात काही दोष नाही.