बगळ्यांची चाळ आणि आमचा कॅमेरा

पाऊस लागला की आमच्या रंकाळ्याकडच्या एका जुन्या चिंचेवर बगळ्यांची चाळ भरते. झाड नेमकं कुठलं ते सांगत नाही, का ते पुढं कळेलच. गायबगळे, वंचक, रातबगळे, मधेच दोन-चार पाणकावळे, एकेका फांदीला घरट्याला घरटं लागलेलं आणि खाली लावलेल्या गाड्यांच्या सीटवर पांढरा सडा. पुस्तकी मराठीत याला सारंगागार म्हणतात, आमच्या गल्लीत नुसतं 'घाण' म्हणतात.

नवीन टेलिलेन्स घेतली त्या वर्षी मी पण थेट बुंध्यापाशी जाऊन लेन्स वर केली. पाचव्या मिनिटाला वरनं काहीतरी थप्पकन लेन्सच्या हूडवर पडलं, बघतोय तर अर्धा पचलेला बेडूक. लई हसलो तेव्हा. नंतर कळलं की बगळ्याची पिल्लं घाबरली की पोटातलं ओकतात, म्हणजे आईबापानं शेतात तास-दोन तास हिंडून आणलेलं जेवण त्या पोरानं माझ्या भीतीनं टाकून दिलं होतं.

लोक म्हणतात की शहरातले पक्षी हे, माणसाला काय भितात? अर्धं खरं आहे ते. खालनं रिक्षा गेली, हॉर्न वाजला, वरात गेली तरी बगळा ढिम्म, कारण ते सगळं रोजचं आणि पुढं सरकणारं असतं. पण एक माणूस थांबला, मान वर करून टक लावून बघायला लागला, वर काळं नळकांडं रोखलं, की पक्ष्याच्या हिशोबात तो शिकारी. मान ताठ करून तो लेन्सकडं बघतो आणि आपण म्हणतो, वा, काय आय कॉन्टॅक्ट मिळालाय! त्यानंतर तो घरटं सोडून उठतो. अन् कावळे याचीच वाट बघत बसलेले असतात, निळसर अंडं चोचीत धरून न्यायला त्यांना अर्धा मिनिटसुद्धा पुष्कळ होतो. घरटी आणि अंडी डिस्टर्ब करणं हे 1972 च्या वन्यजीव कायद्यात शिकारीतच धरलंय, हे पण बऱ्याच कॅमेरावाल्यांना माहीत नसतं.

घरट्यात पिल्लं एका साइजची का नसतात, हा मला नेहमी येणारा प्रश्न. गायबगळी एका दमात अंडी घालत नाही, साधारण दोन दिवसांआड एक अशी तीन-चार घालते, पण उबवायला पहिल्यापासूनच बसते. मग साधारण 24 दिवसांनी पहिलं फुटतं, शेवटचं काही दिवस मागनं, तोवर थोरल्यानं चांगलं अंग धरलेलं असतं. चारा आला की थोरलं बापाची चोच आडवी पकडून खाली ओढतं आणि धाकटं मागं टाचा वर करून बघत बसतं. पाऊसपाणी बरं असलं, उसात टोळ-बेडूक भरपूर असले तर धाकटंही जगतं, नाहीतर नाही. क्रूर वाटतं खरं, पण निसर्गाचा हा जादा ठेवलेला स्टॉक आहे.

आता फोटोचं. बगळ्याच्या पांढऱ्या पिसात रंगद्रव्य नसतं, पिसाच्या आतल्या बारीक रचनेवर आणि हवेवर उजेड सगळीकडं फुटतो म्हणून ते पांढरं दिसतं, आपल्या दूध कट्ट्यावर ग्लासात फेस पांढरा दिसतो ना, तसंच काहीसं. कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर मात्र समोर काय दिसेल ते मध्यम करडं धरून चालतो, त्यामुळं बगळा गर्द पानांपुढं बसला की मीटर पानं उजळवायला जातो आणि बगळा नुसता चुन्याचा पोतेरा होतो, तेव्हा एक्स्पोजर, म्हणजे फोटोत घ्यायचा उजेड, मायनसमध्ये घ्यायचं. ढगाळ पांढऱ्या आभाळावर उडत असला की उलटं, तो काळपट येतो, तिथं प्लस. विणीच्या ऐन भरात गायबगळ्याची चोच आणि पाय थोडेच दिवस लालसर होतात, डोकं-पाठ केशरी असतेच, तो रंग हुकला तर पुढच्या पावसाळ्यापर्यंत थांबा.

मी आता खाली जात नाही, समोरच्या बिल्डिंगच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीआड बसतो, घरटी डोळ्याच्या लेव्हलला येतात आणि बगळे माझ्याकडं ढुंकून पण बघत नाहीत. फोटो टाकताना लोकेशन बंद, नाहीतर रविवारी पंधरा लेन्सा झाडाखाली.

परवा सकाळी बसलो होतो. नर एक सुकी काटकी घेऊन आला, मादीनं ती चोचीत घेतली, दोनदा खुपसून बघितली, नीट बसवली. तो दुसरी आणायला उडाला, ही जरा पिसं साफ करायला वळली, तेवढ्यात शेजारच्या घरट्यातल्या बगळ्यानं मान लांब करून तीच काटकी हळूच ओढून घेतली आणि स्वतःच्या घरट्यात खुपसली. आमच्या चाळीत बादली अशीच जाते.