मुलांचा आरोग्यविमा: खर्च आज, वसुली पंचवीस वर्षांनी

मुलांच्या आरोग्यविम्यावर आज पैसा घालायचा आणि ती मुलं मोठी झाल्यावर तो वसूल व्हायचा: असला हिशेब बडोद्याने पूर्वी एकदा, शिक्षणाबाबत, केला आहे. सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीचं प्राथमिक शिक्षण करून पाहिलं, १९०६ मध्ये ते संस्थानभर लागू केलं. पैसा त्या त्या वर्षीच्या जमाखर्चातून गेला, फळ पुढच्या पिढीच्या पदरात पडलं.

मुलांच्या विम्याचं हे फळ अमेरिकेत मोजता आलं, तेही एका तारखेमुळे. १९९० च्या कायद्याने मेडिकेडमध्ये, म्हणजे तिथल्या गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्यात, गरीब घरातली मुलं घेतली, पण ३० सप्टेंबर १९८३ नंतर जन्मलेलीच. संशोधकांना आयत्या दोन रांगा मिळाल्या: जन्मात काही आठवड्यांचं अंतर, एकीला विमा, दुसरीला नाही. विमा मिळालेल्यांपैकी कृष्णवर्णीय मुलं पंचविशीत इस्पितळात कमी भरती झाली. पुढे २०२० मध्ये हेंड्रेन आणि स्प्रंग-कायझर या अर्थतज्ज्ञांनी दाखवलं, की मुलांसाठी केलेल्या अशा विस्तारांचा खर्च वाढीव कर आणि घटलेली सरकारी मदत यांतून बऱ्याचदा पुरता वसूल होतो.

खरी मेख व्याजदरात: पुढे मिळणाऱ्या पैशाची आजची किंमत काढताना जो धरतात, त्यात. पंचवीस वर्षांनी मिळणारे १००० रुपये ३ टक्क्यांनी आजचे ४७८ होतात, ७ टक्क्यांनी जेमतेम १८४. दर ठरवणाऱ्याने निम्मा निकाल तिथेच लावलेला असतो.

गुजरातमध्ये २०१२ ची ‘मा’ (मुख्यमंत्री अमृतम) आरोग्य योजना पाच जणांच्या गरीब कुटुंबाला वर्षाला २ लाखांपर्यंत होती. तिसरं-चौथं मूल आणि आजी असलेल्या घरात वगळायचं कुणाला? केंद्राच्या २०१८ च्या आयुष्मान भारतने माणसांची मर्यादा काढली, रक्कम ५ लाख केली. २०२३ पासून राज्यात ती १० लाख आहे. पण लाभार्थ्यांची केंद्राची मूळ यादी २०११ च्या सामाजिक-आर्थिक गणनेची. योजना सुरू झाली तेव्हा गणनेनंतर जन्मलेलं एकही मूल त्या यादीत नव्हतं. नात्याचा पुरावा देऊन नाव चढवायचं.

शिवाय खर्च केंद्र-राज्य ६०:४०, तर ते मूल मोठं होऊन भरेल तो आयकर आधी दिल्लीला, मग वाटपातून राज्यांना. मूल तोवर पुण्याला नोकरीला लागलं, तर गांधीनगरच्या हाती काय?

आणि अमेरिकेचे आकडे इथे जसेच्या तसे चिकटवू नयेत. मेडिकेडमध्ये १९६७ पासून मुलांची नियमित तपासणी आणि बाह्योपचारही येतात. आपलं आयुष्मान कार्ड मुख्यतः भरती झाल्यावर चालतं. तपासणी २०१३ च्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाकडे, वेगळ्या तरतुदीतून: पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं, शाळेत एकदा. मुलाचा कान वाहत असेल, तर वेळेवरच्या थेंबांचे पैसे कार्डातून निघत नाहीत. पडद्याचं भोक बुजलं नाही आणि ऑपरेशनची पाळी आली, की निघतात.