गालिच्याला कोणतं द्रावण? खानदेशातल्या एका प्रश्नाची पार्श्वभूमी

लग्नसराई उरकली की जळगाव-धुळ्याकडच्या मंगल कार्यालयांत आणि मंडपवाल्यांच्या गोदामांत गालिचे धुवायला निघतात. हळद, शेवभाजीचा रस्सा आणि चपलांबरोबर आलेली काळी माती, सगळं एकाच गालिच्यावर असतं. दुकानदार शाम्पू, अल्कली (धुण्याच्या सोड्यासारखा, आम्लाच्या उलट गुणाचा पदार्थ) फवारा, आम्लधर्मी रिन्स (शेवटी मारायचं आम्लाचं पाणी), एन्झाइम, सॉल्व्हंट (तेल विरघळवणारं द्रव्य) असे कॅन पुढे मांडतो आणि ‘यातलं चांगलं कोणतं?’ हा प्रश्न येतोच. त्याचं उत्तर लेबलपेक्षा ही द्रावणं कुठल्या धाग्यासाठी आणि कुठल्या पाण्यासाठी निघाली, यात जास्त सापडतं.

सुरुवात लोकरीची. भदोही-मिर्झापूरकडचे हातविणीचे गालिचे प्रामुख्याने लोकरीचे, खालचा ताणा बहुधा सुताचा. लोकर म्हणजे केसासारखंच प्रथिन. जास्त अल्कली लागली की ती खरखरीत होते, पिवळी पडते, रंग सोडते. म्हणून आपल्याकडे लोकर आणि रेशमाला रिठा वापरत आले. त्यातल्या सॅपोनिनमुळे फेस येतो आणि पाणी अल्कलीकडे झुकत नाही. साबण अल्कलीचाच, शिवाय जड, म्हणजे खनिजं जास्त असलेल्या पाण्यात त्याचा कॅल्शियम-मॅग्नेशियमशी संयोग होऊन चिकट साका बनतो. आपल्या विहिरी-बोअरचं पाणी किती जड आहे, हे बादलीच्या कडेला बसणारा पांढरा थर सांगतोच. कपड्यातला साका खळबळून, पिळून निघतो. गालिच्याच्या बुडाशी बसलेला निघत नाही.

पहिल्या महायुद्धात जर्मनीत साबणासाठी चरबी मिळेना, तेव्हा १९१६ च्या सुमारास कृत्रिम डिटर्जंट पुढे आले. जड पाण्यात त्यांचा साका होत नाही, हा मोठाच फायदा. भारतात १९५९ मध्ये सर्फ आला, १९६९ मध्ये करसनभाई पटेलांनी अहमदाबादेत निरमा सुरू केला आणि पावडर घरोघरी पोचली. कपडे धुण्याच्या अशा पावडरींत धुण्याचा सोडा असतो, द्रावणाचा सामू (पीएच; जितका जास्त, तितकं द्रावण अल्कलीचं) साधारण १० किंवा त्याहून वर जातो. सुती कपड्यांसाठी ते योग्यच आहे. पण तीच पावडर गालिच्यावर घासायची सवय लागली, आणि माझ्या मते लोकरीच्या गालिच्यांचं सर्वाधिक नुकसान तिथेच होतं.

हळदीचा डाग बघा. पिवळ्या डागावर पावडरीचं पाणी टाकलं की तो क्षणात तांबडा होतो. माणूस घाबरतो, आणखी पावडर टाकतो, डाग आणखी गडद होतो. हळदीतलं कुर्कुमिन आम्लात पिवळं आणि अल्कलीत लाल असतं. हळदीला चुना लावून कुंकू करतात ते याच गुणावर. डागावर पातळ व्हिनेगर किंवा सायट्रिक आम्लाचं पाणी शिंपडलं की तो परत पिवळा होतो. जात मात्र नाही. उरलेला पिवळा रंग उन्हात फिका पडतो, आणि ऊन इथे भरपूर आहे.

पुढे धागाच बदलला. १९३५ मध्ये डुपाँट कंपनीत वॉलेस कॅरोथर्स यांनी नायलॉन बनवलं, पॉलिप्रॉपिलीन हा प्लास्टिकचा धागा १९५० च्या दशकात आला. हे धागे अल्कली बऱ्यापैकी सोसतात. गरम पाणी मारून लगेच ओढून घेणारी यंत्रं आणि त्याआधीचा अल्कली फवारा यांची खरी जागा तिथे आहे. पॉलिप्रॉपिलीन तेल धरून ठेवतं, त्यामुळे रश्श्याच्या तेलाला अल्कली किंवा सॉल्व्हंट लागतोच. दूध-रक्तासाठीचे एन्झाइम प्रथिन तोडतात, म्हणून ते लोकरीपासून दूर ठेवावेत.

शाम्पूचा इतिहास तर अवशेषांचाच आहे. खोबरेल तेलापासून काढलेल्या फेसाळ द्रव्यांवर बनलेले जुने शाम्पू वाळल्यावर चिकट राहायचे, त्यावर धूळ बसायची आणि धुतलेला गालिचा न धुतलेल्यापेक्षा लवकर मळायचा. नंतरच्या शाम्पूंत असं पॉलिमर आलं, जे मळाभोवती वाळून ठिसूळ होतं आणि व्हॅक्यूमनं उचललं जातं. व्हॅक्यूमची कल्पना त्याहून जुनी. इंग्लंडमध्ये ह्यूबर्ट सेसिल बूथ यांनी १९०१ मध्ये ते यंत्र केलं आणि १९०२ च्या सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाआधी वेस्टमिन्स्टर ॲबीचे गालिचे त्यानं साफ झाले. आपल्याकडे ही पायरी सर्रास वगळतात. काळी माती कोरडी असते तोवर झटकून, ओढून निघते. पाणी लागलं की ती फुगते आणि धाग्याला घट्ट धरते; मग कॅनमधलं कुठलंही द्रावण तिच्यापुढे थकतं.

आम्लधर्मी रिन्स सगळ्यांत शेवटी वापरायचा. आधीच्या अल्कलीला तो मारतो. पावसाळ्यात त्याची गरज आणखी वाढते. तागाचं किंवा सुताचं बूड उशिरा वाळलं की त्यातला तपकिरी रंग पाण्याबरोबर चढून धाग्यांच्या टोकांवर येतो. तो मळ समजून पुन्हा शाम्पू लावला तर पट्टे वाढतात. तिथे सौम्य सायट्रिक आम्लाची हलकी फवारणी करून गालिचा पंख्याखाली शक्य तितका लवकर वाळवावा.