उत्तर आयर्लंडमधील सत्तावाटपाचे सरकार

ब्रिटनमध्येच राहू इच्छिणारे युनियनिस्ट (बहुतांशी प्रॉटेस्टंट) आणि आयर्लंडशी एकीकरण मागणारे नॅशनलिस्ट (बहुतांशी कॅथलिक) या दोन समाजांना एकाच मंत्रिमंडळात बसवणारी शासनव्यवस्था. तिचा पाया १० एप्रिल १९९८ चा गुड फ्रायडे करार हा आहे. त्याच वर्षी २२ मे रोजी झालेल्या सार्वमतात उत्तर आयर्लंडच्या ७१ टक्के मतदारांनी कराराला कौल दिला.

१९२१ ते १९७२ या काळात तेथील सत्ता सलग युनियनिस्टांकडेच होती. निवडणुका वेळेवर होत, पण सत्तांतर कधीच होत नसे. संख्येने कमी असलेल्या समाजाला मतपेटीतून सत्तेपर्यंत पोहोचण्याची वाटच नव्हती. १९६० च्या दशकाअखेर पेटलेल्या संघर्षात ३,५०० हून अधिक माणसे मारली गेली. सत्तावाटपाचा पहिला प्रयोग जानेवारी १९७४ मध्ये झाला आणि युनियनिस्ट कामगारांच्या संपापुढे मे महिन्यातच कोसळला.

विधानसभेत ९० सदस्य असतात (२०१७ च्या निवडणुकीपूर्वी १०८). १८ मतदारसंघांतून प्रत्येकी पाच जण एकल संक्रमणीय मतपद्धतीने, म्हणजे राज्यसभेसाठी आपल्याकडे वापरतात त्याच पद्धतीने, निवडले जातात. निवडून आल्यावर प्रत्येक सदस्य ‘युनियनिस्ट’, ‘नॅशनलिस्ट’ किंवा ‘इतर’ अशी आपली नोंद करतो. सभापतीची निवड, अर्थसंकल्प यांसारख्या विषयांना साधे बहुमत पुरत नाही. एकूण बहुमताबरोबर दोन्ही गटांत स्वतंत्र बहुमत हवे, किंवा एकूण ६० टक्के आणि प्रत्येक गटात किमान ४० टक्के मते हवीत. ‘इतर’ सदस्यांचे मत फक्त एकूण बेरजेत धरले जाते. दोन्ही गटांबाहेर राहू पाहणाऱ्या मतदारावर हा उघड अन्याय आहे.

मंत्रिपदे वाटाघाटीने नव्हे, दॉन्त सूत्राने मिळतात. पक्षाच्या जागांना त्याला आधी मिळालेली मंत्रिपदे अधिक एक या संख्येने भागायचे. ज्याचा भागाकार मोठा, त्याने पुढचे खाते निवडायचे. न्याय खाते तेवढे दोन्ही गटांच्या संमतीने दिले जाते आणि ते त्या पक्षाच्या हिशेबात धरले जाते. २०२२ च्या निवडणुकीत नॅशनलिस्ट शिन फेन पक्षाला २७, डेमोक्रॅटिक युनियनिस्ट पक्षाला (डीयूपी) २५, ‘इतर’ गटातील अलायन्स पक्षाला १७, अल्स्टर युनियनिस्ट पक्षाला ९ आणि नॅशनलिस्ट एसडीएलपीला ८ जागा मिळाल्या. २०२४ मध्ये सरकार बनले तेव्हा न्याय खाते अलायन्सकडे गेले. उरलेल्या सात खात्यांसाठी भागाकारांचा क्रम असा लागला: २७, २५, १३.५, १२.५, ९, ९, ८.५. दोन नवांपैकी आधी कोण, हे पहिल्या पसंतीच्या मतांवरून ठरते. शिन फेनला तीन, डीयूपीला दोन, तर अल्स्टर युनियनिस्ट व अलायन्सला प्रत्येकी एक खाते मिळाले. एसडीएलपी ८ वर अडली आणि विरोधात बसली. अल्पसंख्याकांचा वाटा येथे कुणाच्या औदार्यावर अवलंबून राहत नाही. व्यवस्थेचा सर्वांत भक्कम भाग हाच.

कच्चा दुवा आहे तो शिखरावर. सरकारचे संयुक्त प्रमुख असलेल्या प्रथम मंत्री आणि उपप्रथम मंत्री यांचे अधिकार अगदी समान असतात; नावातला ‘उप’ फसवा आहे. एकाने राजीनामा दिला की दुसऱ्याचेही पद जाते. जानेवारी २०१७ मध्ये हरित तापयंत्रांच्या अनुदान घोटाळ्यावरून शिन फेनचे उपप्रथम मंत्री मार्टिन मॅकगिनेस यांनी राजीनामा दिला आणि तीन वर्षे सरकारच नव्हते. फेब्रुवारी २०२२ मध्ये ब्रेक्झिटनंतरच्या व्यापार नियमांवरून डीयूपी बाहेर पडली. त्यानंतरच्या निवडणुकीनंतरही तिने पाठिंबा न दिल्याने सभापतीसुद्धा निवडता आला नाही. अशा काळात खाती सनदी अधिकारी चालवतात, पण मोठे निर्णय अडतात: बेलफास्टजवळच्या कचरा जाळण्याच्या प्रकल्पाला अधिकाऱ्याने दिलेली मंजुरी २०१८ मध्ये न्यायालयाने रद्द केली.

नकाराधिकाराचाही अतिवापर झाला. ३० सदस्यांच्या सहीने एखादा ठराव दोन्ही गटांच्या संमतीच्या कक्षेत नेता येतो. अल्पसंख्याकांच्या रक्षणासाठी असलेली ही तरतूद २०१५ मध्ये समलिंगी विवाहाचा बहुमताने मंजूर झालेला ठराव पाडण्यासाठी वापरली गेली. २०२२ च्या कायद्याने अशा अर्जावर किमान दोन पक्षांच्या सदस्यांच्या सह्या आवश्यक केल्या.

३ फेब्रुवारी २०२४ रोजी शिन फेनच्या मिशेल ओनील प्रथम मंत्री झाल्या. या पदावर आलेल्या त्या पहिल्या नॅशनलिस्ट. उपप्रथम मंत्री म्हणून डीयूपीच्या एमा लिटल-पेंगेली यांची त्याच दिवशी नियुक्ती झाली.