फिजोआ न्यूझीलंडचा कसा झाला

न्यूझीलंडमध्ये मार्च लागला की घरोघरच्या फिजोआ या फळझाडाखाली हिरव्या फळांचा सडा पडू लागतो. जूनपर्यंत हंगाम चालतो आणि माणसं पिशव्या भरभरून फळं शेजारीपाजारी वाटतात. फळ इतकं रुळलंय की ते मूळचं तिथलंच वाटावं. पण त्याचं माहेर दक्षिण अमेरिकेत आहे: दक्षिण ब्राझीलचं डोंगरपठार, उरुग्वे आणि अर्जेंटिनाचा ईशान्य भाग. हे श्रेय त्या मुलखाला मिळायलाच हवं.

पेरू-जांभळाच्या कुळातलं हे सदाहरित झुडूप ब्राझीलमध्ये अराउकारिया या उंच सूचिपर्णी वृक्षांच्या जंगलात वाढतं. तिथे हिवाळ्यात दंव पडतं, एखाद्या वर्षी बर्फही. त्यामुळे पेरू करपून जाईल अशी थंडी फिजोआ सहज सोसतो. पुढे तो जिथे जिथे पोचला, तो या काटकपणाच्या जोरावर.

फ्रीडरिश झेलो या जर्मन वनस्पतिसंग्राहकाने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्याचे नमुने गोळा केले. १८३१मध्ये तो ब्राझीलमध्येच नदीत बुडून वारला. पुढे ओटो बर्ग या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने झाडाचं शास्त्रीय नामकरण केलं, तेव्हा प्रजातीला झेलोचं नाव मिळालं.

झाडाला खऱ्या अर्थाने जगात नेलं ते एदुआर आंद्रे या फ्रेंच उद्यानतज्ज्ञाने. १८९०मध्ये त्याने दक्षिण अमेरिकेतून आणलेलं रोप फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या आपल्या बागेत लावलं. १८९७मध्ये त्याला फळ धरलं. तिथून हे झाड विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियात आणि काळ्या समुद्राकाठी गेलं. जॉर्जिया आणि अबखाझियात आजही फिजोआ न शिजवताच साखरेबरोबर वाटून बरण्यांत भरून ठेवतात.

न्यूझीलंडमध्ये तो १९०८च्या सुमारास ऑस्ट्रेलियामार्गे आला. ऑकलंडचा रोपवाटिकाचालक हेवर्ड राइट याने तो रुजवला. किवीफळाची जगभर खपणारी 'हेवर्ड' जात याच माणसाची. पण किवी जहाजं भरून निर्यात झाला आणि फिजोआ बहुतांशी परसातच राहिला. याचं कारण फळातच आहे. पिकलं तरी साल हिरवीच, त्यामुळे रंगावरून काही कळत नाही. पिकलेलं फळ आपसूक गळतं, म्हणून खाली पडलेली फळं रोज वेचावी लागतात. शेतकरी झाडावरचं एकेक फळ हलकेच ओढून बघतात. हातात आलं तर तयार. शीतगृहातही ते जेमतेम महिनाभर टिकतं. आडवं कापलं की मधोमध पारदर्शक गराची चार दालनं फुलासारखी दिसतात आणि सालीलगत रवाळ, आंबटगोड गर. ते चमच्याने कोरून खातात. हाच मधला गर तपकिरी झाला की वेळ टळली म्हणायची. असं फळ दूरच्या बाजारापेक्षा शेजाऱ्याच्या घरीच शोभतं, आणि त्यात मला काही उणं वाटत नाही.

त्याचं फूलही पाहण्यासारखं. लालभडक पुंकेसर, भोवती जाड, गोड पाकळ्या. त्या खायला पक्षी येतात आणि अंगाला लागलेले परागकण दुसऱ्या झाडावर नेतात. न्यूझीलंडमध्ये हे काम ब्लॅकबर्डबरोबर आपली साळुंकी करते. तीही तिथे एकोणिसाव्या शतकात बाहेरून नेऊन सोडलेली.

मायदेशात मात्र फळबाग म्हणून लागवड फार उशिरा सुरू झाली. अराउकारियाची जंगलं विसाव्या शतकात लाकडासाठी बेसुमार तोडली गेली. शिवाय अँथ्रॅक्नोज बुरशी आणि फळमाशी तिथे पिकाचा फडशा पाडतात. सांता कातारिना राज्याच्या एपाग्री या सरकारी संशोधन संस्थेने स्थानिक झाडांतून निवड करत अल्कांतारा, हेलेना, मातोस आणि नोनान्ते या जाती तयार केल्या. त्या जाहीर झाल्या २००७-०८मध्ये, म्हणजे आंद्रेच्या बागेत पहिलं फळ धरल्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी.