वाइनच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचे कार्बन पदचिन्ह

द्राक्षबागेपासून परदेशातल्या गिऱ्हाइकाच्या हाती बाटली पडेपर्यंत हवेत गेलेल्या हरितगृह वायूंची, कार्बन डायऑक्साइडच्या मापात मांडलेली बेरीज. रस आंबताना टाकीतून फसफसणारा वायू यात सहसा धरत नाहीत. तो वेलीने हवेतूनच घेतलेला असतो.

या हिशेबात अंतरापेक्षा वाहन मोठे. एक टन माल एक किलोमीटर नेताना मालवाहू जहाज साधारण १० ते २० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड सोडते, ट्रक ६० ते १५०, विमान ५०० ग्रॅमहून अधिक. सांगली जिल्ह्यात पलूसला कृष्णा व्हॅली वाइन पार्क आहे. तिथून न्हावाशेवा बंदर ट्रकने तीनशेहून अधिक किलोमीटर. तेवढ्याच उत्सर्जनात जहाज दोन-अडीच हजार किलोमीटर समुद्र कापते. वाइनवर लिहिणारे टायलर कोलमन आणि पर्यावरणाचे अभ्यासक पाब्लो पेस्टर यांनी २००७ मध्ये हेच अमेरिकेच्या नकाशावर दाखवले. ओहायोतून जाणाऱ्या त्यांच्या रेषेच्या पूर्वेला, म्हणजे न्यूयॉर्कसारख्या शहरात, कॅलिफोर्नियातून ट्रकने आलेल्या वाइनपेक्षा जहाजाने आलेली फ्रान्सची बोर्दो कमी कार्बनची ठरते. ‘जवळचे ते स्वच्छ’ हा आडाखा इथे फसतो. नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी विक्रीला येणारी फ्रान्सची ताजी वाइन ‘बोजोले नुव्हो’ जपानला विमानाने पाठवण्याची प्रथा मात्र या हिशेबात निव्वळ उधळपट्टीच.

दुसरा भार काचेचा. ७५० मिलिलिटर वाइनभोवती साधारण अर्धा किलो काच असते. ती सुमारे १,५०० अंश सेल्सिअसच्या भट्टीत वितळते आणि जवळपास स्वतःच्या वजनाइतका कार्बन डायऑक्साइड सोडून बाटली होते. बाटली जड म्हणजे वाइन उंची, हा समज त्यामुळे महागात पडतो. शॅम्पेन उत्पादकांनी २०१० मध्ये ९०० ग्रॅमची बाटली ८३५ ग्रॅमवर आणली. आतल्या वायूचा दाब सोसायचा असल्याने त्यांना फार हलकी करता येत नाही. साध्या वाइनला ती अडचण नाही.

म्हणून पुष्कळ वाइन आता ‘फ्लेक्सिटँक’मधून, म्हणजे कंटेनरभर पसरलेल्या प्लास्टिकच्या पिशवीतून, सुटी जाते. वीस फुटी कंटेनरमध्ये अशी सुमारे २४,००० लिटर मावते. बाटल्या रचल्या तर नऊ-दहा हजार लिटरच. बाटलीत भरणे मग गिऱ्हाइकाच्या देशात होते.

तासगाव-कवठेमहांकाळच्या बेदाणा शेडवर वजनाचा हा प्रश्न आधीच सुटलेला दिसतो. रॅकवर वाऱ्याने सुकून चार किलो द्राक्षांचा साधारण एक किलो बेदाणा होतो आणि पाणी माळावरच उडून जाते. वाइन मात्र सुमारे ८५ टक्के पाणीच असते.